चावीचं भोक बुजवणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत कंपनीचा पत्ता आहे, टोल-फ्री नंबर आहे, टायरमध्ये हवा किती भरायची तेही आहे. मागच्या दाराचं चावीचं भोक बुजवून तिथे रबराचं बटण बसवायचं कोणी ठरवलं, ते मात्र कुठेच छापलेलं नाही. म्हणून हे पत्र खुलं लिहितो आहे. जिथे असाल तिथे वाचा. वाचताना कळेलच की ते तुम्हालाच आहे.

आधी तुम्ही काय केलंत ते सांगतो, कारण केल्यावर तुम्ही परत त्याच्याकडे बघितलं असेल असं वाटत नाही. अ‍ॅम्बेसिडरच्या डिकीला हँडल होतं आणि चावी लागायची. पुढच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटजवळ खटका आला, तरी त्या खटक्यापासून कुलपापर्यंत एक पोलादी तार जायची. खटका ओढला की तार ओढली जायची, तार ओढली की कुलूप सुटायचं. ती तुटली तर तालुक्याच्या गावचा सायकलवालाही दुसरी घालून द्यायचा. तुम्ही चावी काढलीत आणि तारही काढलीत. आता नंबर प्लेटच्या वर पेराएवढं बटण आहे. ते दाबलं तर कुलपाला थेट काहीच कळत नाही. बटण डॅशबोर्डमागच्या कंट्रोल युनिटला कळवतं, युनिट सेंट्रल लॉक उघडं आहे का ते बघतं, मग रिले ओढला जातो, वीज छताच्या कडेने मागे येते, बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात उतरते आणि कुलपातली छोटी मोटर जीभ सोडते. जे काम एका तारेचं होतं, त्याला आता बटण, युनिट, फ्यूज, रिले, कपलर, मोटर आणि मीटरच्या मीटर वायर. यातलं काहीही एक बंद पडलं की डिकी बंद.

बंद पडली तर मालकाने काय करायचं? याचा विचार तुम्ही पुढच्या दारासाठी केलात. बॅटरी पूर्ण मेली तरी आत शिरता यावं म्हणून ड्रायव्हरच्या दाराला चावीचं भोक ठेवलंत. म्हणजे वीज दगा देते हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मागच्या दाराला काही ठेवलं नाहीत. न कळत झालेली चूक असती तर एवढं लांबलचक लिहिलं नसतं.

त्या मागच्या दाराआड काय असतं ते बघा. स्टेपनी तिथेच, जॅक तिथेच, व्हीलपाना तिथेच. पंक्चर झाल्यावर गाडीमागे उभा करायचा लाल त्रिकोण तिथेच. बहुतेक लोक बॅटरी उतरली तर लागणाऱ्या जंपर केबलही तिथेच ठेवतात. अडचणीत लागणारी एकूण एक वस्तू तुम्ही अशा दाराआड ठेवायला लावलीत, जे अडचणीत उघडत नाही.

आता मी कुठे राहतो ते सांगतो. चंद्रपूर. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांपर्यंत जातो, एखाद्या वर्षी त्याच्याही वर. ती झाली सावलीतल्या हवेची मोजणी. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला त्या दिवसांत हात लावून बघा, मग तुमचं बटण कशाला चिकटवलं आहे ते समजेल. शहराला लागून २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर, सास्ती असा कोळसा खाणींचा पट्टा आहे. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस इथे सिमेंटचे कारखाने आहेत. सकाळी धुतलेली गाडी संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येईल अशी होते. गडचिरोलीच्या बाजूला गेलात तर एटापल्लीच्या सुरजागडहून लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची लाल धूळ. आणि जूनच्या मध्यापासून पाऊस, तोही असा की भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडची गावं तुटतात.

ही धूळ नुसती बसत नाही, ती पाणी धरून ठेवते. तुमच्या बटणाच्या रबराला उन्हाने बारीक चिरा पडतात. चिरांतून राखेची, कोळशाची पूड आत जाते, पहिल्या पावसात ती ओली होते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. प्रत्येक उन्हाळ्यानंतर पावसाळा येतो. हे तुम्ही कुठल्याही मेकॅनिकला विचारलं असतं तर फुकटात समजलं असतं.

तुमच्या बटणाने माझ्यावर आणलेला एक दिवस सांगतो. सगळे सांगत बसत नाही.

आईला घेऊन मी गडचिरोलीकडे निघालो होतो, चातगावजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात. तिच्या पाठीचं दुखणं जुनं आहे, चार पावलं टाकायची तर वॉकर लागतो. वॉकर डिकीत. सावली गाव मागे टाकून वैनगंगेच्या पुलाकडे येताना नाकाबंदी लागली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे सीमेवर गाड्या तपासतात आणि तपासायलाच हव्यात. शिपाई म्हणाला, "डिकी उघडा."

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. रिमोट दाबून चारही दारं बंद केली, उघडली, परत दाबलं. काही नाही.

"उघडत नाही, साहेब."

"काहून?"

"बटण गेलं असेल."

"सगळे असंच सांगतात जी," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. दारूबंदीच्या जिल्ह्याच्या सीमेवर डिकी उघडत नाही म्हणणाऱ्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता. आईला खाली उतरवून रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसवलं, मागची सीट पाडली, शिपायाने टॉर्च घेऊन अर्धं अंग आत घातलं आणि एकेक पिशवी चाचपली. आई सत्तरीच्या पुढची आहे. भर रस्त्यात आपल्या सामानाची झडती बघत ती बसली होती आणि येणारा-जाणारा तिच्याकडे वळून बघत होता. त्या शिपायाला मी दोष देत नाही. तो त्याचं काम करत होता. तुम्ही तुमचं केलं नव्हतंत.

परत येताना अंधार पडायला लागला आणि मूल गाव सोडल्यावर चिचपल्लीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. हा रस्ता दोन्हीकडून जंगलाचा आहे. वाघ इथे गोष्टीतला नसतो; चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी त्याच्या हल्ल्यात माणसं जातात, मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला गेलेली, गुरांमागे गेलेली. संध्याकाळी या रस्त्यावर कोणी उगाच गाडीखाली उतरत नाही. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर फळी, फळीवर सामान, आणि दार बंद. मागची सीट पाडून मी आत रांगत गेलो, सामान एकेक करून आईच्या अंगावरून पुढे दिलं, फळीची कड वर करायला लागलो तर ती वरच्या काठाला अडली, कारण दार उघडं असेल तरच ती पुरती वर येते. एक ट्रकवाला थांबला. माझ्या गाडीमागे त्याने ट्रक आडवा लावला, दिवे चालू ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, लवकर आटपा. परवा इथंच निंघाला होता." आम्ही दोघांनी मिळून ती फळी मोडली. हो, मोडली, दुसरा मार्ग नव्हता. स्टेपनी सीटवरून बाहेर काढली. माणसाच्या जिवाला घोर लागेल एवढा वेळ गेला.

तुम्ही आराखड्यावर जे भोक बुजवलंत, त्याची किंमत इथे अशी भरावी लागते.

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने संगणकात बघून सांगितलं की बटण वेगळं येत नाही. नंबर प्लेटवरची पूर्ण पट्टी, दिव्यांसकट, बदलावी लागेल, आणि वायरिंगमध्ये दोष निघाला तर मागच्या दाराचा पूर्ण हार्नेस. माल नागपूरहून येईल. आकडा ऐकल्यावर मी बाहेर आलो. मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. आमच्या भागात त्याच्या हाताला तोड नाही; त्याने गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊ, नकाशा असता तं अर्ध्या तासात सांगतलं असतं. कंपनी वायरिंगचा नकाशा देत नाही ना जी. याले हात लावला आन् मंग अजून काही बंद पडलं तं लोक मलेच धरतात." त्याने मला टेस्ट लॅम्प दिला, कुठून सुरुवात करायची ते सांगितलं आणि अडलं तर बोलाव म्हणाला. पुढचं काम मी घरी केलं. ते इथे सविस्तर लिहितो, कारण ते तुम्ही लिहायला हवं होतं, आणि कारण ज्यांच्या गाडीला तुमचं बटण आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

आधी ऐकायचं. इंजिन बंद, पंखा बंद, एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने आत बसून कान द्यायचा. कुलपात मोटर घरघरते पण दार सुटत नाही, तर दोष बहुधा कुलपाच्या यंत्रात आहे: जीभ अडकली, ग्रीस सुकलं, दार थोडं खाली उतरलं. काहीच आवाज नाही, तर वीज पोचत नाही. माझ्याकडे आवाज नव्हता. मग फ्यूज. फ्यूज ठीक होता. मग आजूबाजूला बघायचं, आणि हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या नंबर प्लेटचा दिवा गेले काही दिवस जात-येत होता आणि मागचा वायपर मलूल झाला होता. बटण, दिवा, वायपर, कुलपाची मोटर या चौघांत सामायिक काय? परतीची वायर, जिला आपल्याकडे अर्थ किंवा निगेटिव्ह म्हणतात. चौघेही एकदम आजारी पडले तर संशय तिच्यावर घ्यायचा.

आता आत जायचं. मागची सीट पाडून, डिकीत पालथं पडून, मागच्या दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकचं पॅनल गाठायचं. काही गाड्यांत त्यात एक छोटं झाकण असतं, ते काढलं की कुलपाचा खटका दिसतो आणि पेचकसाने सरकवता येतो. ते झाकण माझ्या गाडीतही निघालं, पण त्यावर तुम्ही नमदा चिकटवला आहे आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. म्हणजे वाट ठेवलीत आणि ती लपवलीत. ही गोष्ट मला त्या दोन्ही प्रसंगांपेक्षा जास्त लागली. एका ओळीत छापलं असतंत तर आईला त्या दगडावर बसावं लागलं नसतं.

नमदा कापून, झाकण काढून, पेचकसाने खटका ढकलला. दार उघडलं. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. पॅनल खिळ्यांवर नसतं, प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं. पत्र्याचा पाना घालून उचकटलं की क्लिपा तुटतात. रुंद, बोथट प्लास्टिकची पट्टी क्लिपेच्या अगदी शेजारी घालून ओढायचं. खांबाच्या आत कुठे पिवळ्या वेष्टनातली वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची असते.

मोजणीसाठी बॅटरी परत जोडली. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी, बाकी काही नाही. इथे मीटरवर भरवसा ठेवणारा फसतो. माझ्या मीटरने मागच्या दारात धन आणि ऋण यांच्यामध्ये १२ व्होल्ट दाखवले, म्हणजे सगळं ठीक. त्याच दोन टोकांना बल्ब लावला तर तो पेटला नाही. कारण मीटरला नावापुरती वीज लागते. तुटलेली वायर गंजाच्या आधाराने नुसती टेकलेली असली तरी मीटर समाधानी असतो. बल्ब खरोखर वीज मागतो, मोटरही मागते, आणि तेवढी त्या टेकलेल्या जागेतून जात नाही. मग बल्बचं एक टोक धनालाच ठेवलं आणि दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्याला लावलं. लख्ख पेटला. धन येत होतं, परतीची वाट तुटली होती.

कुठे तुटली असेल ते दार उघडं ठेवून बघितलं तरी दिसतं. बिजागरीजवळ काळी रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी छतातून दारात जातात. दार उघडताना ती वाकते, लावताना उलटी वाकते, आणि वायरी दर वेळी त्याच जागी मुडपतात. नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून सोडवली आणि ती मागे सारली. आतली काळी वायर वेष्टनासकट चिरलेली होती, आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. शेजारच्या दोन वायरींचं वेष्टन कडक होऊन तडकलं होतं. वायर जाड घेतली असती, वेष्टन उष्णतेत मऊ राहणारं घेतलं असतं, नळीत बोटभर ढील ठेवली असती, तरी हे झालं नसतं. ढील! एवढी लांबी वाचवून तुमच्या कंपनीचं काय वाचलं, ते तुम्हालाच ठाऊक.

पीळ देऊन टेप गुंडाळणं हा इथला सर्रास उपाय आहे, आणि तो पुढच्या पावसापर्यंतच टिकतो. मी खराब भाग दोन्हीकडून चांगलं तांबं लागेपर्यंत कापला. तिथे सिलिकॉन वेष्टनाची लवचिक वायर घातली, जाडी मूळ वायरीएवढी किंवा थोडी जास्त, लांबी मुद्दाम जास्त. आकसणारी स्लीव्ह आधीच वायरीत ओवून ठेवायची, सोल्डर केल्यावर ती घालता येत नाही. आणि सोल्डरचा जोड वाकणाऱ्या भागात अजिबात येऊ द्यायचा नाही. सोल्डर तांब्याच्या धाग्यांत वर चढतं, तेवढा तुकडा ताठ होतो, आणि दार उघड-बंद केलं की वायर बरोबर त्या ताठ तुकड्याच्या कडेला तुटते. म्हणून एक जोड छतात, दुसरा दाराच्या पत्र्याआड, मध्ये अखंड नवी वायर. तीन वायरींचे जोड एकाच ठिकाणी येऊ दिले नाहीत, मागेपुढे ठेवले, नाहीतर गाठोडं होऊन नळी परत बसत नाही. नळीची ओठासारखी कड पत्र्याच्या भोकात सगळीकडून बसली आहे ना ते बोट फिरवून बघायचं. थोडी जरी बाहेर राहिली तर पावसाचं पाणी थेट वायरींवर.

आता तुमचं बटण. नंबर प्लेटवरची पट्टी आतून नटांवर असते. ती काढली, बटण सुटं केलं, धारदार पात्याने रबर एका कडेने उचललं. आत घरगुती उपकरणांत असतो तसला एक लहानसा मायक्रोस्विच, त्याच्या पायांवर काळ्या पुडीचा चिखल सुकलेला, आणि रबराला घडीच्या जागी आरपार चीर. संपर्क साफ करणारा फवारा मारला तर ते चालू झालं, पण असं साफ केलेलं बटण पुन्हा बंद पडतं, कारण चीर तिथेच असते. सुट्या भागांच्या दुकानात त्याच मापाचा स्विच चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळाला. तो झाळून बसवला, पायांवर सिलिकॉन ग्रीस भरलं, रबराची चीर गाडीच्या काचेला वापरतात त्या सीलंटने बुजवली. यासाठी तुमच्या सेवा केंद्राला पूर्ण पट्टी विकायची होती.

सगळं जोडल्यावर दार लगेच लावायचं नाही. हे मी ठळक सांगतो. डिकी उघडी असतानाच कुलपाची जीभ पेचकसाने दाबून बंद स्थितीत आणायची आणि बटण दाबून ती सुटते का ते बघायचं. सुटली, तर मगच दार लावायचं.

शेवटी, तुम्ही काढलेली तार मी परत घातली. सायकलच्या ब्रेकची तार, आवरणासकट. तिचं टोक कुलपाच्या खटक्याला अडकवलं, दाराच्या पॅनलमागून खाली आणलं, झाकणाच्या भोकातून बाहेर काढलं आणि टोकाला कडी लावली. आता मागच्या सीटवरून हात घालून कडी ओढली की डिकी उघडते. बॅटरी मेलेली असली तरी उघडते. तुमच्या कारखान्यात हे बसवायला लागणारा खर्च तुम्ही मला सांगा.

या कडीचं काम फक्त पंक्चरपुरतं नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन वेगवेगळ्या घटनांत ११ मुलं गाड्यांच्या डिकीत अडकून गेली. खेळता खेळता आत शिरली, झाकण लागलं, आणि आतून उघडायला काहीच नव्हतं. १९९५ मध्ये जेनेट फेनेल या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंबून पळवलं होतं. सुटल्यावर त्या याच्या मागे लागल्या. त्यांनी अर्ज केले, माहिती गोळा केली, सरकारचा पिच्छा पुरवला. १ सप्टेंबर २००१ पासून तिथल्या बाजारासाठी बनणाऱ्या, वेगळी बंद डिकी असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत आतून उघडणारा, अंधारात दिसणारा खटका सक्तीचा झाला. जे तंत्र दोन दशकांहून जास्त काळ जगात आहे, कायद्यात लिहिलेलं आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही असं कोण मानेल? सक्ती असेल तिथे तुम्ही देता. आमच्या अंगणातही उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं लपंडाव खेळतात, साहेब. ४७ अंशांत.

आणि तो नकाशा. तुम्ही म्हणाल वायरिंगचा नकाशा कंपनीचं गुपित आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देण्याबद्दल. पुढे अपिलं झाली, वकिलांची घरं चालली. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टेबलावर नकाशा अजून आलेला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या क्षेत्रांपासून सुरुवात करायची ठरली त्यांत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आहेत आणि मोटारगाड्याही आहेत. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर पसरलेला आहे आणि त्यातलं बहुतेक जंगल आहे. सिरोंच्याहून किंवा भामरागडहून जिल्ह्याच्या गावाला यायचं तर दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता. तिथला शिक्षक, नर्स, वनरक्षक, ठेकेदार तुमचीच गाडी घेतो, कारण कर्ज तिच्यावर मिळतं. त्याची डिकी आलापल्लीच्या अलीकडे बंद पडली तर तिथला मेकॅनिक हाच त्याचा सेवा केंद्रवाला. त्या मेकॅनिकचा हात चांगला आहे, डोकं चांगलं आहे, त्याला फक्त तुम्ही आंधळं ठेवलं आहे.

तेव्हा मागणी लिहून देतो. मागच्या दाराला हाताने उघडता येईल असा खटका द्या, आतून पोचेल असा, आणि त्याचं चित्र पुस्तिकेत छापा, मराठीतही छापा. त्यावर नमदा चिकटवू नका. बटण सुटं विका. बिजागरीजवळच्या नळीत वायरींना ढील द्या आणि ४७ अंशांत तडकणार नाही असं वेष्टन वापरा. वायरिंगचा नकाशा मागेल त्या मेकॅनिकला द्या. ज्या गाड्या आधीच रस्त्यावर आहेत त्यांच्या मालकांना निदान त्या लपवलेल्या झाकणाबद्दल कळवा. त्याला एक चिठ्ठी पुरेल.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही सांगतो: आज गाडी घरासमोर उभी असतानाच मागची सीट पाडा, आत जा, आणि मागच्या दाराच्या पॅनलवर हात फिरवून ते झाकण आहे का ते शोधा. सापडलं तर पेचकस डिकीत ठेवू नका, पुढच्या कप्प्यात ठेवा. सापडलं नाही तर तुमच्या शहरातल्या सेवा केंद्रात जाऊन लेखी विचारा की डिकी हाताने कशी उघडायची, आणि उत्तर लेखीच मागा.

साहेब, तुमच्याही उत्तराची वाट बघतो आहे.

एक गाडीमालक,
चंद्रपूर